त्यागकथेची चौकट आणि एरिक लिडेल यांचे आयुष्य

इंग्रजी मिशनरी चरित्रवाङ्मयात खेळाडूच्या त्यागाची कथा हा एक स्थिरावलेला आकृतिबंध आहे. इंग्लंडकडून कसोटी सामने खेळलेले केंब्रिजचे क्रिकेटपटू सी. टी. स्टड १८८५ मध्ये धर्मप्रसारासाठी चीनला गेले, तेव्हापासून या आकृतिबंधाचे टप्पे जवळजवळ ठरून गेले : विद्यापीठातील कीर्ती, अंतःकरणातील पालट, कीर्तीचा त्याग, दूरदेशीची सेवा आणि मृत्यू. या कथेत निर्णायक क्षण त्यागाचा असतो. त्यापुढचे आयुष्य त्या क्षणाची केवळ पूर्तता म्हणून येते. ही चौकट चरित्रनायकाच्या आयुष्यातील नेमके काय दृष्टीआड करते, याचा विचार स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांच्या उदाहरणावरून येथे करावयाचा आहे.

लिडेल यांचा जन्म १९०२ मध्ये चीनमधील तिएन्त्सिन येथे, लंडन मिशनरी सोसायटीच्या स्कॉटिश कुटुंबात झाला. एडिंबरा विद्यापीठात शिकत असताना ते स्कॉटलंडच्या रग्बी संघातून खेळले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्यामुळे त्यांनी ती सोडली आणि चारशे मीटर शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. ‘चॅरिएट्स ऑफ फायर’ (१९८१) या ह्यू हडसन दिग्दर्शित चित्रपटाने हा प्रसंग जगभर पोहोचविला. या चित्रपटात लिडेल यांना रविवारची बातमी पॅरिसला जाणाऱ्या बोटीवर चढताना कळते. वस्तुतः वेळापत्रक कित्येक महिने आधीच ज्ञात होते आणि त्यांनी चारशे मीटरची तयारी त्यानुसार केली होती. नाट्यमयतेसाठी केलेला हा बदल क्षम्य मानता येईल. परंतु त्यामुळे विचारपूर्वक घेतलेल्या, दीर्घ तयारी मागणाऱ्या निर्णयाला क्षणिक तेजाचे रूप आले, ही त्याची वाङ्मयीन किंमत होय.

याहून मोठी किंमत शेवटी मोजावी लागते. चित्रपट पॅरिसच्या विजयानंतर संपतो आणि पुढील दोन दशके पडद्यावरील एका त्रोटक मजकुरात आटोपतात. १९२५ मध्ये लिडेल तिएन्त्सिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजात विज्ञानाचे आणि खेळाचे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी ३० मे रोजी शांघायमध्ये निदर्शकांवर गोळीबार होऊन परकीय सत्तांविरुद्ध चीनभर चळवळ उसळली होती. परकीय शिक्षकाकडे, त्याच्या धर्माकडे आणि त्याच्या संस्थेकडे संशयाने पाहिले जाण्याचा तो काळ होता. त्यागकथेला मात्र हा संदर्भ अडचणीचा वाटतो. तिच्यात ‘दूरदेश’ ही केवळ नायकाच्या कसोटीची रंगभूमी असते. तिथल्या माणसांना मत नसते, राग नसतो. म्हणूनच लिडेल यांनी काय सोडले याची बारीक नोंद आपल्याला मिळते. ज्यांच्यासाठी सोडले, त्यांच्या बाजूने ही कथा कशी दिसली असती, हा प्रश्न तिच्यात उपस्थितच होत नाही.

१९३७ नंतर लिडेल युद्धग्रस्त उत्तर चीनमधील सिआओचांग या ग्रामीण केंद्रात काम करू लागले. १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शांटुंग प्रांतातील वेईशिएनच्या नजरकैद छावणीत ठेवले. तेथे सुमारे दीड हजार माणसे दाटीवाटीने राहत होती. त्यांत आईवडिलांपासून दुरावलेली मिशनशाळेची मुलेही होती. लिडेल त्यांना शिकवीत, त्यांचे खेळ घडवून आणीत. छावणीतून सुटलेल्यांच्या आठवणींत एक प्रसंग येतो. रविवारी खेळांना मज्जाव असताना मुलांनी स्वतःच हॉकीचा सामना मांडला आणि त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानावर उभे राहिले.

चरित्राच्या दृष्टीने हा प्रसंग पॅरिसइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा आहे. ज्या नियमासाठी त्यांनी ऑलिंपिकमधील आपली आवडती शर्यत सोडली, तोच नियम मुलांच्या गरजेपुढे त्यांनी बाजूला ठेवला. येथे श्रद्धा ढळलेली नाही, तिला नवे भान आले आहे. तथापि त्यागकथेला अविचल नायक हवा असतो. बदलणारा नायक तिच्या चौकटीत मावत नाही, म्हणून पॅरिसचा रविवार लोकस्मृतीत राहिला आणि वेईशिएनचा रविवार उपेक्षित राहिला.

या छावणीचे चित्र लँग्डन गिल्की यांच्या ‘शांटुंग कंपाउंड’ (१९६६) या आठवणींतही आहे. जागा आणि अन्न यांसाठी धर्मनिष्ठ म्हणविणारेही कसे स्वार्थी होतात, हे गिल्की निर्भीडपणे सांगतात. त्यांनी लिडेल यांचे आडनाव बदलले आहे, परंतु त्यांच्याविषयीचा आदर लपविलेला नाही. गौरवासाठी न लिहिलेल्या ग्रंथातील ही साक्ष कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा वजनदार ठरते.

मराठी वाचकाला या कथेतील आणखी एक पोकळी सहज जाणवेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ने धर्मांतराची कथा पत्नीच्या बाजूने सांगितली. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी घेतलेला बाप्तिस्मा तेथे आध्यात्मिक विजय म्हणून अवतरत नाही. तो आधी ताटातूट, लोकनिंदा आणि संसाराची परवड म्हणून येतो. त्यामुळेच पुढे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या परिवर्तनाला सत्यता लाभते. लिडेल यांच्या पत्नी फ्लॉरेन्स १९४१ मध्ये गरोदर असताना दोन मुलींसह कॅनडाला गेल्या. तिसऱ्या मुलीचे मुख लिडेल यांनी कधीच पाहिले नाही. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीमुळे छावणीतच त्यांचे निधन झाले. हा त्यागही तितकाच खरा होता आणि त्यातील मोठा वाटा पत्नीने व मुलींनी उचलला. प्रचलित कथेत मात्र त्याचे स्थान तळटीपेचे आहे.

तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा मराठी माणसाला ठाऊक असते. परंतु तुकोबांचे मोठेपण तो त्या घटनेवरून ठरवीत नाही, त्यानंतरच्या अभंगांवरून ठरवितो. हाच निकष लावल्यास ४७.६ सेकंद हा लिडेल यांच्या चरित्राचा उपोद्घात ठरतो. मूळ ग्रंथ तिएन्त्सिन, सिआओचांग आणि वेईशिएन येथील वीस वर्षांचा आहे. तो ज्या चरित्रात समग्रपणे उतरेल, तेच त्यांचे खरे चरित्र होय.