वाटणी आणि फूट : दृक्‌श्राव्य वाहिन्यांचे विभाजन व प्रेक्षकसमूह

रससिद्धान्ताने मराठी समीक्षेला दिलेली 'सहृदय' ही संज्ञा मोलाची असली तरी तिची एक मर्यादा सहसा लक्षात घेतली जात नाही. सहृदय हा नेहमी एकटा असतो. त्याला शेजारी नसतो, मागच्या रांगेत कोणी खोकत नाही, आणि नाटक संपल्यावर परतीच्या वाटेवर त्याच्याशी वाद घालणाराही कोणी भेटत नाही. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना आणि स्टॅन्ली फिश यांनी आपल्या १९८० च्या ग्रंथात विस्ताराने मांडलेली अर्थनिर्णयन करणाऱ्या समूहांची संकल्पना यांमुळे हे एकटेपण सिद्धान्ताच्या पातळीवर तरी संपले. परंतु या विचारातही संहिता जेथे भेटते ते ठिकाण स्थिर आहे, समूह त्याच्याभोवती जमतो, हे बहुधा गृहीतच राहते. ठिकाणच दुभंगले तर समूहाचे काय होते, हा प्रश्न त्यात उपस्थित होत नाही. यूट्यूबवरील मराठी वाहिन्यांनी गेल्या काही वर्षांत जी विभाजने केली आहेत त्यांच्या निमित्ताने हा प्रश्न मराठी समीक्षेपुढे येऊन ठेपला आहे.

या विभाजनाची रीत प्रथम पाहिली पाहिजे. एखादी वाहिनी काही वर्षे चालते. तिच्यावर विनोद असतो, मुलाखती असतात, राजकारण असते, कधी प्रवास असतो. मग एके दिवशी घोषणा होते की, यापुढे अमुक प्रकारच्या चित्रफिती दुसऱ्या वाहिनीवर दिसतील, तिलाही सबस्क्राइब करावे. (सबस्क्रायबर या शब्दाचा जुना मराठी पर्याय 'वर्गणीदार', पण एक पैचीही वर्गणी न देणारा वर्गणीदार ही कल्पना त्या शब्दाला पेलत नाही.) नवी वाहिनी शून्यापासून सुरू होते, कारण सबस्क्रायबर एका वाहिनीवरून दुसरीवर नेता येत नाहीत. २०१८ पासून जाहिरातीचे उत्पन्न मिळवायचे तर, मोठ्या चित्रफितींच्या बाबतीत, एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचा प्रेक्षणकाल अशी अट आहे. एवढा खटाटोप निर्माते का करतात? शिफारस करणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे अल्गोरिदमला, एकजिनसी वाहिनी अधिक चांगली कळते, असा समज त्यांच्यात रूढ आहे. पाककृतीसाठी आलेल्याला राजकारण दाखवले आणि त्याने ते पाहिले नाही, तर पुढच्या पाककृतीचेही नुकसान होते, असे मानले जाते. येथे प्रेक्षकाचे न पाहणे हाही एक अभिप्राय ठरतो. नाट्यगृहात डुलकी घेणाऱ्या प्रेक्षकाला एवढे वजन कधीच नव्हते.

मराठीत विभाजनासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातील भेद येथे उपयोगी पडतो. एक वाटणी, दुसरा फूट. वाटणी घरात होते, कर्ता माणूस ती करतो, आणि वाटला जाणारा ऐवज गप्प असतो. फूट पडते. ती कोणी ठरवून 'करत' नाही असे निदान क्रियापद तरी सुचवते. फुटीला साक्षीदार असतात आणि त्यांना बाजू घ्यावी लागते. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील ठळक विभाजने फुटीची आहेत. यूट्यूबवरील विभाजने बहुतांशी वाटणीची आहेत. प्रेक्षकसमूहावर होणाऱ्या परिणामांतील अंतर या भेदातून उलगडते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल'चा प्रयोग केला आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकरांचे निधन झाले. त्यानंतर मंडळीतील कारभाराचे मतभेद वाढले आणि १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. प्रेक्षकांचा मोठा ओघ गंधर्वांबरोबर गेला हे खरे. परंतु किर्लोस्कर मंडळी लगेच संपली नाही. दीनानाथ मंगेशकर तेथेच पुढे आले, आणि १९१८ मध्ये तेही चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बाहेर पडून बलवंत संगीत मंडळी काढते झाले. या साखळीत महत्त्वाची गोष्ट अशी की, फुटून निघालेल्या मंडळ्या परस्परांपासून दूर गेल्या नाहीत. त्या त्याच गावांत, त्याच नाट्यगृहांत, पुष्कळदा 'सौभद्र'सारखी तीच नाटके घेऊन येत राहिल्या. प्रेक्षकाला तुलना करता आली. एकच पद दोन गळ्यांतून ऐकून कोणता गळा कोठे उणा पडतो हे त्याला सांगता आले. संगीत नाटकाच्या रसिकाची जी जाणकारी पुढे वाखाणली गेली तिची जडणघडण या तुलनेत झाली, असे म्हणण्यास पुष्कळ आधार आहे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले तेव्हा दोन्ही गायकांचे चाहते एका छताखाली बसले होते. त्या प्रयोगाची आख्यायिका झाली ती या प्रतिस्पर्धी समूहांमुळे. दोघांचे चाहते परस्परांना ओळखत नसते तर त्या रात्रीला केवळ एका मदतनिधीच्या प्रयोगाचे मोल राहिले असते.

पुण्यातील दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. जब्बार पटेल, सतीश आळेकर, मोहन आगाशे आदी तरुण मंडळींनी संस्था सोडली, १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा सुरू झाले. येथे फूट आशयावरून पडली. प्रेक्षकाला संस्थेविषयीच नव्हे, तर नाना फडणवीसांच्या रंगमंचीय चित्रणाविषयी, पर्यायाने इतिहास आणि कलास्वातंत्र्य यांच्या संबंधाविषयी, मत बनवावे लागले. घाशीरामचे चाहते आणि विरोधक ही दोन्ही माणसे एकाच पेठेत, क्वचित एकाच घरात राहत होती. विरोधकालाही नाटक काय आहे हे माहीत असणे भाग होते.

आता यूट्यूबकडे वळावे. भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजेच भाडिपा, ही वाहिनी सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ साली सुरू केली. ती मुंबईची असली तरी तिच्या चेहऱ्यांत पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीचा वाटा मोठा आहे. रेणुका दफ्तरदार व आलोक राजवाडे यांची आई-मुलाची जोडी, अमेय वाघ व निपुण धर्माधिकारी यांचा मुलाखतीचा खोडकर कार्यक्रम, ही नावे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांत घडलेल्या पिढीची आहेत. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'च्या आरोळ्या देणारे महाविद्यालयीन गट हाही एक चाहतावर्गच होय, आणि तो आपल्या प्रतिस्पर्ध्याची एकांकिका डोळ्यांत तेल घालून पाहतो. भाडिपाने स्वतःला 'पार्टी' म्हणवून घेतले यात विनोद आहे, तसा प्रेक्षकाला कार्यकर्ता कल्पिण्याचा एक डावही आहे. पुढे चालू घडामोडी आणि राजकीय-सामाजिक विषयांसाठी याच मंडळींनी 'विषय खोल' ही स्वतंत्र वाहिनी काढली. यात भांडण नव्हते, कोणी दुखावले नाही. ही निखळ वाटणी होती.

या वाटणीची व्यावहारिक कारणे समजण्यासारखी आहेत. कौटुंबिक विनोदाला जाहिरातदार सहज मिळतो, राजकीय भाष्याला मिळत नाही. शिवाय गंभीर विषयाला विनोदाच्या अपेक्षेतून मोकळे करणे हेही एक प्रयोजन असू शकते. तथापि उपरोधाच्या दृष्टीने पाहिले तर हा सौदा महाग आहे. उपरोध चालतो तो बेसावध प्रेक्षकावर. आईच्या फोनची गंमत पाहायला आलेल्या माणसाला मध्येच नगरपालिकेचा विषय भेटावा, त्याने थोडे चिडावे, तरीही पुढे पाहावे, यात जी चमक आहे ती राजकारणासाठीच आलेल्या प्रेक्षकासमोर उरत नाही. तो आधीच सज्ज असतो आणि बहुधा आधीच सहमत. वाटणीनंतर प्रत्येक वाहिनीला अधिक अनुरूप प्रेक्षक मिळतो. अनुरूप प्रेक्षक हा समीक्षक म्हणून मात्र दुबळा असतो, कारण त्याला नको असलेले काही समोर येतच नाही.

हा युक्तिवाद स्मरणरंजनाकडे झुकतो असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच गैर नाही. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्याच्या एकाच वाहिनीवर 'गजरा' पाहायची वाट बघत शहरातील कुटुंबे 'आमची माती आमची माणसं'मधील पिकांवरची कीड निमूटपणे पाहत असत. ही सरमिसळ सक्तीची होती. पर्याय नव्हता म्हणून पाहिलेल्याला आस्वाद म्हणणे धाडसाचे. पण यूट्यूबवरील मूळ, न वाटलेली वाहिनी आणि दूरदर्शन यांची गल्लत करता कामा नये. त्या वाहिनीवर प्रेक्षक स्वेच्छेने आलेला होता, केव्हाही उठून जाऊ शकत होता, आणि तरीही अनपेक्षिताशी त्याची गाठ पडत होती. मोकळीक आणि सरमिसळ या दोहोंचा असा योग मराठी प्रसारमाध्यमांत फार थोडा काळ लाभला. वाटणीने तो जातो.

भाषेवरून झालेली वाटणी या विवेचनाला वेगळे वळण देते. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना 'मधुराज रेसिपी' ही वाहिनी सुरू केली. पुढे मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी निघाली आणि ती मूळ वाहिनीला कितीतरी मागे टाकून गेली. इंग्रजीतून मराठी पदार्थ सांगताना फोडणी म्हणजे काय, वाटी म्हणजे किती, कैरी कोणती घ्यायची याचा खुलासा करावाच लागतो. या खुलाशाचा अभिप्रेत श्रोता परका किंवा परदेशात वाढलेला मराठी मुलगा असतो. मराठी वाहिनीवर हा खुलासा गळून पडतो. 'अंदाजाने' हा शब्द तेथे पुरेसा असतो. मराठी बाई मराठी बाईशी बोलते, आणि बोलण्याला स्वयंपाकघराचा मूळ लय मिळतो. हा लाभ लहान नाही. विभाजन झाले नसते तर मराठी भाषा त्या वाहिनीवर कायम भाषांतरित पाहुणीच राहिली असती. वाटणीत प्रेक्षक मुका ऐवज असतो हे वर म्हटले, त्याला येथे मुरड घालावी लागते: या प्रसंगी ऐवजाने आपली संख्याच बोलून दाखवली.

परंतु याही ठिकाणी काही तुटले. एकाच चित्रफितीखाली पुण्याची सासू आणि न्यू जर्सीची सून यांची गाठ पडण्याची जी शक्यता होती ती दोन वाहिन्यांत विभागली गेली. थालीपिठाच्या भाजणीत कोणती डाळ किती, यावर त्या दोघींचा मतभेद होऊ शकला असता. आता प्रत्येकीला आपापली खात्री आहे, आणि दुसरीला काय वाटते हे कळण्याचे ठिकाण उरलेले नाही. १९१३ च्या फुटीनंतर प्रेक्षक भांडत राहिले म्हणून एक समूह राहिले. येथे भांडण झालेच नाही.

जगातील काही मोठ्या निर्मात्यांनी अलीकडे उलट दिशेने पावले टाकली आहेत. अमेरिकेतील 'मिस्टर बीस्ट'ने स्पॅनिशसाठी काढलेली स्वतंत्र वाहिनी बाजूला ठेवून मूळ वाहिनीवरच अनेक भाषांतील ध्वनिपट्ट्या देण्यास सुरुवात केली, आणि २०२३ पासून यूट्यूबने ही सोय इतर निर्मात्यांसाठी वाढवत नेली. त्यापुढे यंत्राने आपोआप केलेले भाषांतर आणि यंत्राचाच आवाज आला. वाटणी मोडून एकत्र कुटुंब पुन्हा मांडण्याचा हा प्रकार वरवर स्वागतार्ह वाटतो. चित्र एक, प्रेक्षक एकत्र, खाली प्रतिक्रिया सर्व भाषांच्या. पण ज्या ठिकाणी निवेदकाचा आवाज हाच वाहिनीचा प्राण आहे, तेथे या एकीकरणाची किंमत काय? पाककृती सांगणाऱ्या बाईंचे हात तेच राहतील, मोहरी तडतडल्याचा आवाजही तोच राहील, आणि 'आता यात हिंग घालू या' हे वाक्य मात्र कोणा दुसऱ्याच्या, किंबहुना कोणाच्याच नसलेल्या, गळ्यातून येईल. एकच पद दोन गळ्यांतून ऐकणाऱ्या रसिकाला निदान दोन गळे होते.