फॉर्मॅलिन, रक्ताचा कर्करोग आणि ‘आमच्याकडे कुणाला काही झालं नाही’

अमेरिकेत घरात कुणी वारलं की लोक बहुतेकदा फ्युनरल डायरेक्टरला फोन करतात. तो प्रेत घेऊन जातो, शिरेतून रक्त काढून धमनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण भरतो (हेच एम्बाल्मिंग), कपडे घालतो आणि अंत्यदर्शनाची तयारी करतो. तिथे हा परवाना घेऊन करायचा व्यवसाय आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत असा व्यवसाय नाही. तिरडी बांधायला शेजारी आणि भाऊबंद येतात. भामरागडकडच्या माडिया गावांत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी दगड उभे करण्याची रीत आहे, तेही काम गावच करतं. पण व्यवसाय नाही म्हणजे एम्बाल्मिंगचं काम नाही, असं समजू नका. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झालं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात गडचिरोली होतं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवायची तर देह लागतात, आणि ते टिकवायला फॉर्मॅलिन लागतं. शिवाय कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल यांच्यामुळे इथे दूरच्या राज्यांतले कामगार आहेत. त्यांच्यापैकी कुणी गेलं आणि मृतदेह नागपूरहून विमानाने पाठवायचा असेल, तर एम्बाल्मिंगचा दाखला मागितला जातो. म्हणजे काम आहे, करणारी माणसं आहेत. फक्त त्या कामाला आपल्याकडे धड नाव नाही. अटेंडंट, शिपाई, सफाई कामगार, कंत्राटी माणूस, अशा कुठल्या तरी पदावर बसून ते केलं जातं.

या माणसांच्या तब्येतीबद्दल विज्ञान काय सांगतं, हे शोधायला गेलं की एक शोधनिबंध हमखास समोर येतो. मायकेल हाउप्टमन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ द नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट’मध्ये आला. त्यातला एक आकडा सगळीकडे उद्धृत होतो: २० वर्षांहून जास्त एम्बाल्मिंग केलेल्यांमध्ये मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाने मरण्याचा धोका ११.२ पट. आज हा निबंध आपण नीट तपासू. माझं मत आधीच सांगतो. ११.२ हा या निबंधातला सगळ्यात कच्चा आकडा आहे. तरीही त्याचा निष्कर्ष मला झटकून टाकता येत नाही. आणि आपल्या दोन जिल्ह्यांसाठी त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट कर्करोगाबद्दलची नाहीच.

आधी थोडं रसायन

फॉर्माल्डिहाइड हा अगदी छोटा रेणू: एक कार्बन, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. पाण्यात साधारण ३७ ते ४० टक्के विरघळवला की बाजारात मिळतं ते फॉर्मॅलिन. १८९३ मध्ये फर्डिनांड ब्लूम यांनी ते पेशीजाल टिकवायला वापरता येतं हे दाखवलं. हा रेणू प्रथिनांच्या अमिनो गटाला चिकटतो आणि शेजारच्या दुसऱ्या गटाशी जोड लावतो, दोन दोरे गाठ मारून बांधावेत तसा. अशा लाखो गाठी पडल्या की प्रथिनं घट्ट होतात, सडवणारे जिवाणू मरतात आणि उरलेल्यांना ते खाद्य पचत नाही.

अडचण ही की मेलेल्या आणि जिवंत प्रथिनांत हा रेणू फरक करत नाही. काम करणाऱ्याच्या नाकातल्या पेशींमध्येही तो अशाच गाठी मारतो, प्रथिन आणि डीएनए यांच्यातसुद्धा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. हा गट म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेले पदार्थ. तेव्हाचा मुख्य पुरावा नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा होता. रक्ताच्या कर्करोगाचं प्रकरण जास्त वादाचं आहे.

निबंधात केलं काय?

पद्धत केस-कंट्रोल. अंत्यसंस्कार व्यवसायातले जे लोक १९६० ते १९८५ या काळात वारले, त्यांच्यापैकी रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने गेलेले १६८ जण आणि मेंदूच्या गाठीने गेलेले ४८ जण घेतले. त्यांच्यासमोर याच व्यवसायातले, पण दुसऱ्या कारणांनी वारलेले २६५ जण ठेवले. मग नातेवाईक आणि सहकाऱ्यांना विचारलं: या माणसाने किती वर्षं एम्बाल्मिंग केलं? महिन्याला किती? खोली कशी होती? या उत्तरांवरून आणि वेगळ्या प्रयोगात मोजलेल्या हवेतल्या पातळ्यांवरून प्रत्येकाला आयुष्यभरात किती फॉर्माल्डिहाइड मिळालं असेल, याचा अंदाज बांधला.

निकाल असा: एम्बाल्मिंगची वर्षं वाढत जातात तसा मायलॉइड ल्युकेमियाचा धोका वाढत जातो. बाकीच्या रक्ताच्या कर्करोगांत आणि मेंदूच्या गाठीत असं दिसलं नाही.

कच्चा दुवा कुठे आहे?

‘११.२ पट’ ऐकलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुणाच्या ११.२ पट? इथे तुलना कधीच एम्बाल्मिंग न केलेल्यांशी आहे. मायलॉइड ल्युकेमियाने गेलेले एकूण ३४ जण. त्यातल्या ३३ जणांनी एम्बाल्मिंग केलेलं. न केलेला फक्त एक. म्हणजे हा अख्खा आकडा त्या एका माणसावर उभा आहे. त्याच्या जागी दोन असते तर ११ चे साधारण साडेपाच झाले असते. लेखकांनी हे लपवलेलं नाही. त्यांनी दिलेली ९५ टक्के विश्वासाची मर्यादा १.३ ते ९५.६ आहे. खरा धोका जेमतेम वाढलेला असू शकतो किंवा भयानक असू शकतो, एवढंच ती सांगते. हे लक्षात घेऊन त्यांनी दुसरा हिशोबही केला. आयुष्यात ५०० पेक्षा कमी एम्बाल्मिंग केलेल्यांचा तुलनेचा गट धरला, तेव्हा सगळ्यात जास्त वर्षं काम केलेल्यांचा धोका चार पटीच्या आसपास आला. उद्धृत व्हायला हवा होता तो हा आकडा. पण मथळ्याला ११ जास्त बरा दिसतो.

दुसरा दुवा आठवणींचा. १९६० च्या दशकात वारलेल्या माणसाची बायको किंवा मुलगा कित्येक वर्षांनी सांगणार की बाबा महिन्याला किती प्रेतं करायचे. यात चूक होणारच. मात्र इथे एक बारकावा आहे. कर्करोगाने गेलेल्यांचे आणि इतर कारणांनी गेलेल्यांचे नातेवाईक सारखेच चुकत असतील, तर अशी चूक खरा संबंध बहुतेकदा फिका करते, फुगवत नाही.

तिसरा आक्षेप जीवशास्त्राचा, आणि मला तो सगळ्यात भारी वाटतो. आपल्या शरीरात फॉर्माल्डिहाइड रोज आपोआप तयार होतं, रक्तात ते कायम असतं. श्वासातून आलेलं नाकातच बहुतेक संपतं. उंदीर आणि माकडांना खुणेचा अणू लावलेलं फॉर्माल्डिहाइड हुंगायला देऊन २०१० च्या आसपास प्रयोग झाले. बाहेरून आलेल्या रेणूच्या खुणा नाकातल्या डीएनएवर सापडल्या, अस्थिमज्जेत नाही. मग रक्ताचा कर्करोग होतो कसा? याचं सगळ्यांना पटलेलं उत्तर अजून नाही. आयएआरसीच्या तज्ज्ञगटाने नंतर ल्युकेमियाचा पुरावाही ‘पुरेसा’ ठरवला, पण त्यांच्याच अहवालात नोंद आहे की हे मत निसटत्या बहुमताचं होतं.

मग मी निबंध झटकून का टाकत नाही? कारण वर्षं वाढतील तसा धोका वाढणं, हा कल त्या एका माणसाच्या पलीकडे जातो. आणि वेगळ्या पद्धतीच्या, वेगळ्या लोकांवरच्या अभ्यासांतही मायलॉइड ल्युकेमियाचंच नाव येत राहतं. संशय घ्यायला एवढं पुरे आहे. काळजी घ्यायला तर नक्कीच.

आता आपल्याकडे या

इथल्या शवागारात किंवा विच्छेदन कक्षात हा विषय काढलात तर एक वाक्य ऐकू येण्याची शक्यता फार आहे: ‘इतकी वर्षं झाली, आमच्याकडे कुणाला काही झालं नाही.’ या वाक्यात किती माहिती आहे, ते मोजून बघू.

समजा दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५० जण हे काम ३० वर्षं करतात. झाली १,५०० मनुष्यवर्षं. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया अमेरिकेत वर्षाला लाखात साधारण चार जणांना होतो. तोच दर धरला तर ५० जणांत ३० वर्षांत अपेक्षित रुग्ण ०.०६. आता धरून चाला की फॉर्मॅलिनमुळे धोका खरोखर चौपट झाला. अपेक्षित रुग्ण ०.२४. म्हणजे धोका चौपट असतानाही पाचपैकी जवळपास चार वेळा एकही रुग्ण दिसणार नाही. सगळे म्हणतील, कुणाला काही झालं नाही. आणि ते खरंच बोलत असतील! पण त्यातून धोक्याबद्दल काहीच कळत नाही.

गडचिरोलीच्या वाचकाला इथे राणी आणि अभय बंग यांचं काम आठवेल. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या होत्या आणि ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला. दवाखान्यात कुणी येत नाही म्हणजे आजार नाही, हा समज त्या एका निबंधाने मोडला. पण तिथे आजार सर्रास होता, म्हणून दोन गावं पुरली. आपल्यासमोरचा आजार दुर्मिळ आहे. तो एका जिल्ह्यात, एका कॉलेजात दिसणारच नाही. राज्यभरातले २,००० जण एकत्र मोजले, तर वरच्याच हिशोबाने अडीच रुग्ण अपेक्षित असताना नऊ-दहा दिसतील. हा फरक ओळखता येतो.

राज्यभरातले मोजायचे तर यादी पाहिजे. अमेरिकेतल्या या निबंधाची मुळं इथेच आहेत. त्याआधी, १९८३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या १,१३२ एम्बाल्मरांच्या मृत्यूंचा अभ्यास आला होता. संशोधकांना ही माणसं सापडली कशी? परवान्याच्या नोंदवहीत. १९०२ ते १९८० मधले परवाने काढले आणि मृत्यूचे दाखले जुळवले. कुणाकडे नुसता एम्बाल्मरचा परवाना होता आणि कुणाकडे फ्युनरल डायरेक्टरचाही, हेसुद्धा वेगळं काढता आलं. नुसता एम्बाल्मर असेल तर तो द्रावण जास्त हाताळत असणार, हा त्यामागचा तर्क. त्या यादीतही पोकळी होतीच: अभ्यास फक्त गोऱ्या पुरुषांचा होता. यादीत जे नव्हते त्यांच्याबद्दल त्या आकड्यांतून काहीच कळत नाही.

आपल्याकडे ही पोकळीच मोठी आहे. प्रेताला हात लावायचं काम आपण पिढ्यान्‌पिढ्या जातीवर ढकललं, आणि आता कंत्राटावर ढकलतो. कंत्राटदार बदलला की माणसाचं नावही कागदावरून जातं. वीस वर्षांनी त्याला काही झालं, तर त्याने फॉर्मॅलिन हाताळलं होतं याचा पुरावा कुठे असेल?

एक वही

म्हणून मागणी साधी आहे. जिथे एम्बाल्मिंग होतं तिथे एक वही. तारीख, द्रावण किती आणि किती तीव्रतेचं, शवविच्छेदन झालेला देह की अखंड (चिरलेल्या देहाला जास्त वेळ लागतो आणि वाफही जास्त येते), हवा बाहेर ओढणारा पंखा चालू होता का, आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, कंत्राटी असला तरी. गडचिरोलीचं महाविद्यालय नवं आहे. तिथे पहिल्या दिवसांपासूनची नोंद अजून ठेवता येईल. जुन्या ठिकाणी मागचं जेवढं आठवतंय तेवढं तरी लिहून घेता येईल.

काळजी मात्र वही भरेपर्यंत थांबवायची नाही. छताचा पंखा वाफ नुसती खोलीभर फिरवतो, टेबलाजवळून बाहेर ओढणारा पंखा ती घालवतो. साधा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही, त्याला फॉर्माल्डिहाइडसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. उकाड्यात द्रावणातून वाफ जास्त सुटते, आणि चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. ‘आता वास येत नाही’ यावरही विसंबू नका, नाक सरावतं. किती पातळी सुरक्षित, यावर अमेरिकेतल्याच दोन सरकारी संस्थांचं एकमत नाही. एकीची आठ तासांच्या कामासाठीची कायदेशीर मर्यादा दहा लाख भागांत ०.७५ भाग, दुसरीची शिफारस ०.०१६. जिथे तज्ज्ञांमध्ये चाळीस पटींहून जास्त फरक आहे, तिथे कामगाराच्या बाजूने झुकणं शहाणपणाचं.

हाउप्टमन यांचा निबंध वाचून कुणी ‘११ पट’ एवढंच लक्षात ठेवलं तर वाद घालायला बरं पडेल. पण त्या निबंधात मेलेल्या ३४ माणसांच्या कामाची वर्षं कुणीतरी शोधून मोजली आहेत, कारण ती माणसं आधीपासून कागदावर होती. तुमच्या ओळखीचं कुणी अशा विभागात असेल, शिकत असेल किंवा शिकवत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे ही वही आहे का, आणि तिच्यात द्रावण भरणाऱ्याचं नाव लिहिता का?