86 टक्के, पण कशाच्या तुलनेत?

जर्नल क्लबमध्ये पेपर मांडताना आपण बहुतेक जण एक गोष्ट हमखास करतो. सारांशातला सगळ्यात मोठा आकडा उचलतो आणि शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत टाकतो. मीही केलंय. आज अशाच एका आकड्याची तपासणी करू. पेपर चांगला आहे, म्हणूनच निवडलाय.

पेपर म्हणजे फ्रान्समधली क्रायोडेस्मो-01 ही फेज 2 चाचणी, 2021 साली ‘युरोपियन जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आलेली. विषय: डेस्मॉइड ट्यूमर गोठवून मारणं, म्हणजे क्रायोअ‍ॅब्लेशन. डेस्मॉइडची गाठ शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण आजूबाजूच्या स्नायूंत आणि मज्जातंतूंत घुसते. कापून काढली तरी बऱ्याचदा परत येते. म्हणून स्कॅनवर बघत त्वचेतून सुया गाठीत घालतात आणि आर्गॉन वायू वापरून टोकाशी बर्फाचा गोळा तयार करतात. गोळा स्कॅनवर स्पष्ट दिसतो, पण त्याच्या कडेला तापमान शून्याच्या आसपासच असतं. पेशी खात्रीने मरायला त्याहून बरीच जास्त थंडी लागते. म्हणून गोळा गाठीच्या थोडा बाहेर न्यावा लागतो. तिथे मज्जातंतू किंवा त्वचा असली की पंचाईत.

चाचणीत 50 रुग्ण होते, औषधोपचारानंतरही गाठ वाढत असलेले. वर्षभराने 86 टक्के जणांचा आजार वाढलेला नव्हता. आता प्रश्न विचारू.

तुलनेचा गट कुठे आहे? नाही. सगळ्यांना एकच उपचार. एरवी कॅन्सरमध्ये हे थोडंफार चालून जातं, कारण गाठी सहसा आपोआप आक्रसत नाहीत. डेस्मॉइड आक्रसतो! 2018 ची सोराफेनिबची चाचणी बघा: 87 रुग्ण, रँडमाइज्ड. औषधाच्या गटात 33 टक्के जणांची गाठ लक्षणीय कमी झाली. आणि प्लासिबोच्या गटात? 20 टक्के. नुसत्या साध्या गोळीवर. त्यात, रुग्ण उपचाराला येतो तो गाठ किंवा वेदना जोरात असताना; त्यानंतर थोडा उतार तसाही पडू शकतो.

मग 86 टक्के निरर्थक का? तसंही नाही. त्याच चाचणीत प्लासिबोवर दोन वर्षांनी फक्त 36 टक्के जणांचा आजार वाढला नव्हता. म्हणजे 86 मधला काही भाग बहुधा गोठवण्याचाच आहे. पण किती, हे दोन वेगवेगळ्या चाचण्या शेजारी ठेवून सांगता येत नाही: रुग्ण वेगळे, कालावधी वेगळा, मोजण्याची पद्धतही वेगळी.

मोजलं काय? इथे सुधारित रेसिस्ट निकष वापरलेत. त्यात पूर्ण व्यासाऐवजी गाठीचा जिवंत, म्हणजे कॉन्ट्रास्ट घेणारा भाग मोजतात. निवड योग्यच आहे, कारण गोठून मेलेला गोळा काही काळ आत तसाच राहतो. पण मग ‘प्रतिसाद’ या शब्दाचा अर्थ ‘गाठ गेली’ असा घेऊ नका. रुग्णाच्या हाताला ती अजूनही लागू शकते.

50 रुग्ण म्हणजे किती खात्री? 50 पैकी 43. 95 टक्के विश्वासांतर साधारण 73 ते 94. स्लाइडवर हे दोन आकडेही लिहा.

माझी खरी तक्रार पेपरशी नाही. त्याने मर्यादित प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर दिलं. तक्रार आहे तो पुढे उद्धृत करण्याच्या पद्धतीशी. ‘क्रायोअ‍ॅब्लेशन 86 टक्के प्रभावी’ असं वाक्य एकदा आढावा-लेखात शिरलं की, ज्याची गाठ नुकतीच सापडली आहे त्यालाही ते लागू केलं जाऊ शकतं. अशा रुग्णांसाठी 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा पहिला सल्ला आहे: लक्ष ठेवा, थांबा. आपोआप आक्रसणारी गाठ घाईने गोठवली आणि मज्जातंतू दुखावला, तर ते नुकसान सारांशातल्या त्या एका आकड्यात दिसत नाही.

‘आजार दुर्मीळ आहे, रँडमायझेशन जमत नाही’ हे उत्तरही पुरेसं नाही. 87 जणांत जमलं. 2023 मध्ये निरोगॅसेस्टॅटच्या चाचणीत 142 जणांत जमलं. सुईच्या उपचाराला प्लासिबो देणं अवघड, हे मान्य. पण क्रायोअ‍ॅब्लेशन विरुद्ध औषध अशी तुलना करता येतेच.

तुमच्या आढाव्याच्या तक्त्यात प्रत्येक टक्केवारीपुढे तीन रकाने वाढवा: कशाच्या तुलनेत, कोणत्या रुग्णांत, कशाने मोजलं. पहिला रकाना रिकामा राहिला, तर ‘प्रभावी’ हा शब्द लिहू नका.