प्रत आणि पोथी

चित्रकथेच्या अंकास वाङ्मय म्हणावे की नाही याविषयी आमच्या टीकाकारांत मतभेद असतील. चोरांत ते नाहीत. जून १९३८ च्या ज्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात 'सुपरमॅन' प्रथम अवतरला, त्याची किंमत १० सेंट होती. निकोलस केज या अमेरिकन नटाजवळची त्याची प्रत २००० साली चोरीस गेली, २०११ साली कॅलिफोर्नियातील भाड्याच्या एका कोठारात सापडली, आणि त्याच वर्षी २१ लाखांहून अधिक डॉलरांस विकली गेली. टेक्सासमधील हॅरिस परगण्यात तर अपहाराच्या पैशातून जमविलेला असा संग्रह सरकारने जप्त केला असता, त्याच प्रकरणातील एका तपास-अधिकाऱ्याने त्यातील अंक पळविले, २०१२ साली शिकागोच्या मेळाव्यात विकले, व पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला.

या व्यापाऱ्यांची स्थिती सराफासारखी आहे. मात्र सराफाची तिजोरी त्यांजपाशी नाही. मेळाव्यात माल मेजावर मांडावा लागतो, गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा लागतो. दहा जण एकदम वाकून पाहात असता एक पातळ अंक दुसऱ्याच्या पोटात घालून नेणे कितीसे कठीण? तथापि चोरलेले सोने आटविता येते, अंक आटविता येत नाही. त्यावरचा डाग, घडीची रेघ, जुन्या मालकाची सही, यांसह तो जगतो, आणि या खुणा कोणी टिपून ठेविल्या असतील तरच तो परत मिळतो.

येथे कोणी विचारील की चोराने नेले तरी काय? सुपरमॅनची कथा पुनःपुन्हा छापली गेली आहे. ती कोणासही वाचावयास मिळते. शिवाय हल्ली असे अंक पारखून, दहापैकी गुण देऊन, प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. पेटी उघडली की गुण गेले. वाचल्याने ज्याचे मोल उतरते त्या पुस्तकास पुस्तक म्हणणे मला तरी जड जाते. ज्या सीगल व शुस्टर या दोघा तरुणांनी सुपरमॅन निर्माण केला त्यांस १९३८ साली त्याच्या हक्कांबद्दल १३० डॉलर मिळाले. ती रक्कम ज्यात समाविष्ट होती तो धनादेश २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरांस गेला! हौशी धनिकांच्या रसिकतेविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही.

परंतु एवढ्यावरून जुन्या प्रतीची चोरी क्षुल्लक ठरत नाही. आमच्या अमरावती जिल्ह्यात भातकुलीप्रमाणेच रिद्धपूरही येते. तेथील महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि शिष्यांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यातूनच आजचे पाठभेद. तेथे प्रत गेली तशी संहिताच गेली होती. ती तोलून धरणारी स्मरणशक्ती होती म्हणून निभावले.

आमच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'ला तसे पाठांतर करणारे कोण आहेत? मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंग्रजीत सुरू केलेली, पुढे मराठीतही आलेली व १९९० साली थांबलेली ही माला. तिच्यातील वेताळाची मराठी, संपादकांनी 'बंगाला' बदलून केलेली 'डेंकाली', पानांमधल्या जाहिराती, हे सारे अस्सल प्रतीतच पाहावयास मिळते. मूळ इंग्रजी कथेच्या पुनर्मुद्रणात त्याचा मागमूस नाही. भाषांतराचा अभ्यास करणाऱ्यास हीच सामग्री लागते.

आणि ही सामग्री असते कोठे? रद्दीवाल्याकडे, वजनावर. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून असा गठ्ठा गेला तर तो पोलिसांस सांगणार काय? 'वेताळाचे वीस अंक' एवढ्या वर्णनावरून कोणाचाही गठ्ठा कोणाचाही ठरेल. अंकाचा क्रमांक, मुखपृष्ठावरील खूण, आत कोण्या मुलाने शाईने लिहिलेले नाव, एवढे एका साध्या वहीत उतरून ठेवावे. छायाचित्र असल्यास उत्तमच. ही वही विक्रेत्यास पुरावा म्हणून उपयोगी पडेल, आणि अंक विकले गेल्यावर तीच अभ्यासकास सूची म्हणून हवी होईल.