'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम : कारखाना, बोटे आणि स्वर

'इंडस्ट्रियल रॉक' ही संज्ञा यंत्रध्वनी संगीतात आणणाऱ्या वाद्यवृंदांसाठी पुढे रूढ झाली. तथापि रॉक संगीतावर कारखान्याचा ठसा त्यापूर्वीच उमटला होता. बर्मिंगहॅम या इंग्लंडमधील औद्योगिक शहरातील 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रकाशित झाला. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी याने सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावली होती. डावखुऱ्या आयोमीचा तारा दाबण्याचा हात तोच होता. प्लॅस्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली व बारीक तारा वापरल्या.

या अपघातातूनच अल्बमची संथ, जड शैली जन्मली, असे मानण्याचा मोह होतो. शीर्षकगीत मात्र त्यास दुजोरा देत नाही. त्याची मुख्य स्वरावली षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम या तीनच स्वरांवर उभी आहे. परंतु उत्तरार्धात तोच हात द्रुत लयीत वाजवतो. अर्थात येथील संथपणा ही कलावंताची निवड ठरते.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील अभ्यासकाला हा भेद महत्त्वाचा वाटावा. पॉवर प्रेसखाली बोट जाणे येथे अपरिचित नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात मधले बोट पूर्ण गमावल्यास कमाईक्षमतेतील घट १२ टक्के धरली होती. त्या हाताला आणखी काय येत होते, याची नोंद अशा कोष्टकात होत नाही. आयोमीला गिटार अपघातापूर्वीच येत होती. जखमेला सर्जनाचे श्रेय देणारी समीक्षा नेमके हेच विसरते.