शनिवारची जत्रा आणि ‘विद्यार्थी-खेळाडू’

मंडळी, आज आपण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल बोलणार आहोत. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोल चेंडू येतो. हा खेळ तो नव्हे. इथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्यानं अंगावर झेप घेऊन पाडायचं. खेळणारी मुलं साधारण अठरा ते तेवीस वर्षांची, आणि कागदोपत्री विद्यार्थी.

आधी या खेळाची मोहिनी समजून घेऊ, कारण ती न समजता केलेली टीका पोकळ ठरते. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यातला पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ चा. तेव्हापासून हा खेळ गावांना चिकटून वाढला. अॅन आर्बर या शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिथल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात! नेब्रास्का, आयोवा, अलाबामा या राज्यांत व्यावसायिक एनएफएलचा एकही संघ नाही. त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. कधी कॉलेजची पायरी न चढलेला शेतकरीसुद्धा त्याला ‘आमचा’ म्हणतो. शनिवारी तिथं जत्राच भरते म्हणा ना.

आयोवात स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ पासून तिथं एक रीत पडली आहे. खेळाचा पहिला भाग संपला की सगळे प्रेक्षक वळतात आणि खिडक्यांतल्या आजारी मुलांकडे बघून हात हलवतात. हे कुणी विकत आणलेलं नाही. ही आपुलकी खरी आहे, एवढं आपण आधी मान्य करू.

आता दुसरी बाजू. १९०५ च्या हंगामात मैदानावर मुलं दगावली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी नियम बदलले आणि एक देखरेख करणारी संस्था उभी राहिली. तीच आजची एनसीएए. म्हणजे या संस्थेच्या जन्मामागेच खेळाडूच्या जिवाचा प्रश्न होता.

पण त्या प्रश्नाचं पुढे काय झालं? १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनं कामगारांना मिळते तशी भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच काळात एनसीएएनं ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रुजवला. या मुलांना नोकर ठरवलं जाईल ही भीती त्यामागे होती, असं तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच नंतर लिहिलं. शब्द मोठा गोंडस, पण काम ढालीचं.

आता अनेक जण म्हणतात, खेळाडूंना पैसे मिळू लागले आणि खेळ नासला. २०२१ पासून मुलांना आपल्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तर एकेका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर थेट खेळाडूंना देता येतात. मुलं दरवर्षी संघ बदलू लागली हे खरं, आणि त्यानं ओढ थोडी पातळ होते हेही खरं.

पण पैसा काय त्या दिवशी आला? २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमनं प्रशिक्षकाला काढलं आणि करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं मान्य केलं. पॅसिफिकच्या काठावरचं स्टॅनफर्ड २०२४ मध्ये ‘अटलांटिक कोस्ट’ नावाच्या गटात जाऊन बसलं. कशासाठी? टीव्हीच्या पैशासाठी. त्यापायी व्हॉलीबॉलच्या मुलींनाही अर्धा देश ओलांडून खेळायला जावं लागतं. जुनी शेजारधर्माची वैरं मोडली ती मोठ्यांच्या टेबलावर. दोष मात्र मुलांच्या माथी!

आणि शरीराचं काय? बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कॉलेज पातळीपर्यंत खेळलेल्या ५३ जणांचे दान केलेले मेंदू तपासले. त्यांपैकी ४८ मध्ये सीटीई हा मेंदूचा आजार आढळला. असे मेंदू बहुधा त्रास झालेल्यांचेच दान होतात, म्हणून हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. पण दुर्लक्ष करण्याइतकी ही गोष्ट लहानही नाही.

तेव्हा आपलं म्हणणं एवढंच, की जत्रा बंद करा असं नाही. खिडकीतल्या अनोळखी मुलासाठी हात हलवणारी माणसं मैदानावरच्या ओळखीच्या मुलाचीही काळजी करू शकतात. तो चाळिशीत पोचल्यावर त्याच्या डोक्याच्या औषधपाण्याचा खर्च कुणी करायचा, हे करारात लिहून घ्या. ‘आमचा’ म्हणायचं, तर तेवढं करायला हवं.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.