सातवा धिक्कार

बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय बहुधा सुटाच वाचला जातो. उंच सिंहासन, सराफीम नावाचे सहा पंखांचे देवदूत, धुराने भरलेलं मंदिर आणि देवाच्या पावित्र्याचा तिहेरी घोष. तो घोष वसईच्या मराठी मिस्सातही दुमदुमतो. पण या अध्यायाचा रस घ्यायचा तर पाचव्यापासून वाचत यावं. तिथे यशया सहा वेळा धिक्कार करतो: शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमिनी गिळणाऱ्यांचा, सकाळपासून दारूत बुडालेल्यांचा, लाच घेऊन दोषीला सोडणाऱ्यांचा. देवाचं पावित्र्य त्याच्या न्यायातून प्रकटतं, हेही तो मध्येच सांगून जातो. सातवा धिक्कार मात्र सहाव्या अध्यायात आहे, आणि तो स्वतःचाच. दुसऱ्यांवर बरसणारा हा माणूस देवासमोर येताच म्हणतो, माझेच ओठ अशुद्ध आहेत.

ओठच का? उत्तर बहुधा सहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात आहे. यहूदाचा उज्जीया राजा वारला ते हे वर्ष, इसवी सनपूर्व 740च्या सुमाराचं. बावन्न वर्षं राज्य केलेला हा राजा गर्वाने मंदिरात शिरला, याजकांचा धूप जाळण्याचा अधिकार बळकावू लागला आणि त्याच्या कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कोड झालेल्याने वरचा ओठ झाकून स्वतःला अशुद्ध म्हणवून घ्यायचं. यशया उज्जीयाचं पाप सांगत नाही, फक्त वर्ष नोंदवतो. पण ओठ अशुद्ध म्हणताना त्याच्या तोंडी कोड झालेल्या राजाचीच ओळख आहे. शब्दांची ही काटकसर मला फार मोठी वाटते.

मग सराफीमांपैकी एक जण वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून आणतो आणि ओठांना लावतो. दोषाकडे काणाडोळा होत नाही. तो वेदीच्या, म्हणजे बलिदानाच्या आगीने दूर होतो. भाजल्याचा एकही शब्द नाही. ख्रिस्ती वाचकाला इथे क्रूस आठवला तर नवल नाही.

कॅथलिक मिस्सात तीन वर्षांतून एकदा, सामान्य काळातल्या पाचव्या रविवारी, हा उतारा वाचतात आणि आठव्या वचनावर, ‘मी जातो’ म्हणणाऱ्या यशयापाशी थांबतात. पुढची वचनं कठोर आहेत: लोक ऐकतील पण त्यांना समजणार नाही, नगरं ओस पडेपर्यंत. ती गाळल्यावर उरतो तो एका माणसाच्या पाचारणाचा सुंदर प्रसंग. पाचव्या अध्यायात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांचा दावा त्यातून निघून जातो.